गेल्या वर्षीसारखंच

मेरिदा शहरातल्या बटणांच्या दुकानात नेल्सी अठरा वर्षं नोकरी करत होती, आणि अठरा वर्षांत तिच्या हातून एकही बटण चुकीच्या खणात पडलं नव्हतं. घरचा कारभारही त्याच शिस्तीचा. कुणाच्या लग्नाला कोण जाणार, पावसाआधी छताला डांबर कधी लावायचं, सासरच्या कुणाला कोणत्या गोष्टीवरून बोलायचं नाही, सगळं एका निळ्या वहीत लिहिलेलं. तिचा नवरा विल्बर्थ पंखे आणि फ्रीज दुरुस्त करायचा. तो म्हणायचा की बायकोच्या वहीत नोंद नसेल तर आमच्या गल्लीत सूर्यसुद्धा विचारून उगवतो.

त्यामुळे त्या वसंतात तिच्या बाबांनी सकाळच्या कॉफीत पाव बुडवता बुडवता "मला समुद्रावर न्या" म्हटलं, तेव्हा नेल्सीने आधी वही उघडली आणि मग विचारलं, "कधी?"

"त्याच आठवड्यात," गास्पार म्हणाला.

तो आठवडा कोणता हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही. ईस्टरनंतरच्या बुधवारी नेल्सीच्या आईला, दोन्या एल्दाला, जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवशी घरी प्रार्थना ठेवायची, शेजारपाजारच्यांना जेवू घालायचं, आणि मग दारावरची काळी फीत उतरवायची, अशी रीत. गास्पारने चाळीस वर्षं बेकरीत पाव भाजले होते. सगळी वस्ती त्याला माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणायची, आणि वर्षभर सगळी वस्ती त्याच्याकडे बघून मान हलवत होती. त्याला आता ते नको होतं. "जन्मभर ती म्हणत राहिली, आठवडाभर समुद्रावर राहू," तो म्हणाला. "मी म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी. प्रार्थनेला बसून मी तिला काय सांगू?"

प्रार्थना चालवणारी म्हातारी मुद्दाम घरी येऊन बजावून गेली की वर्षाचा दिवस असा मोकळा सोडू नये. नेल्सीने तिला कॉफी पाजली, हो हो म्हटलं आणि ती वळताच बसचं वेळापत्रक काढलं. वर्षभरात बाबांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिला ते द्यायचंच होतं.

बेत स्वस्तातला होता, पण आखला मात्र झोकात. हॉटेलचं नावसुद्धा काढायचं नाही. भिंतीत कड्या असलेलं साधं घर भाड्याने घ्यायचं आणि झोपायला दोऱ्यांच्या झोळ्या आपापल्या न्यायच्या. चार माणसं, चार झोळ्या. तवा घरचा. ईस्टरची गर्दी ओसरलेली असणार, म्हणजे भाडंही उतरलेलं. तेरा वर्षांच्या यामिलेला एकच शंका होती, तिथे मोबाइल चालतो का. नाही चालत, असं कळल्यावर तिने एक संपूर्ण संध्याकाळ कुणाशी न बोलता काढली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आपली पिशवी भरली.

सान रेमिजिओ हे गाव नेल्सीला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सुचवलं होतं. मेरिदापासून अडीच तासांवर, एक रस्ता, एक धक्का, एक वाणसामानाचं दुकान. दुकान फिदेलिया नावाच्या बाईचं. तिच्याकडे तारेचा फोन आणि भाड्याचं घर, दोन्ही होतं. नेल्सीने दुपारच्या सुट्टीत फोन लावला, नाव सांगितलं, आठवडा सांगितला.

"म्हणजे गेल्या वर्षीसारखंच," पलीकडची म्हातारी खूष होऊन म्हणाली. "निळ्या दाराचं घर. चारच झोळ्या ना?"

आता मेरिदाच्या माणसाला एक खोड आहे. वडीलधाऱ्या बाईला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणणं त्याला जमत नाही. रस्ता माहीत नसला तरी विचारणाऱ्याला तो हात करून कुठलीतरी दिशा दाखवेल, पण नाही म्हणणार नाही. नेल्सी बटणांच्या बाबतीत कितीही काटेकोर असली तरी शेवटी मेरिदाचीच. तिने एकदा "नाही, आम्ही" अशी सुरुवात केली, पण म्हातारी जुन्या माणसांना भाडं कमी लावते, असं सांगू लागली होती. मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं.

"हो," नेल्सी म्हणाली. "चार. गेल्या वर्षीसारखंच."

घरी हा किस्सा रंगला. विल्बर्थने जेवताना फिदेलियाची नक्कल केली, यामिलेने गेल्या वर्षी आपण तिथे काय काय केलं याची खोटी यादी सांगितली, आणि गास्पार चक्क हसला. दात दिसतील असा. नेल्सीने वहीत भाड्यापुढे बरोबरची खूण केली.

सोमवारी दुपारी ते बसमधून उतरले. रस्ता पांढरा, ऊन पांढरं, आणि घरांच्या फटींतून समुद्र दिसत होता. हवेला वाळत घातलेल्या माशांचा आणि शेवाळाचा वास होता. फिदेलिया दुकानाच्या दारातच उभी होती; बुटकी, फुलं विणलेला पांढरा झगा, पायांत प्लास्टिकच्या चपला. तिने सगळ्यांत आधी यामिलेला कुशीत घेतलं.

"दोन बोटं वाढलीस की गं," ती म्हणाली. मग विल्बर्थकडे वळून तिने सांगितलं की त्याने दुरुस्त केलेला फ्रीज अजून चालतोय, कुरकुर नाही काही नाही. आणि गास्पारला विचारलं, "माएस्त्रो, या वेळी तरी पाव आणलात का?"

विल्बर्थने बायकोला डोळा मारला आणि फ्रीजची तब्येत विचारून घेतली. गास्पारला त्या स्वागताने इतकं बरं वाटलं की त्याने पिशवीतून खरोखरच गोड पावांची पुडी काढून दिली. नेल्सीच्या मनात मात्र हिशेब चालू झाला. दुकानातली ती गिऱ्हाईक बाई. तिनेच इथे आधी सांगितलं असणार. माएस्त्रो, फ्रीज, मुलगी, सगळं. बायका बोलतात.

मग फिदेलियाने तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे तळवे कोरडे आणि गार होते, त्या उन्हातसुद्धा.

"आणि तू माएस्त्रोंची मुलगी. आलीस एकदाची. गेल्या वर्षी तुला सुट्टी मिळाली नाही ना?"

"नाही मिळाली," नेल्सी म्हणाली.

"आणि आई? दोन्या एल्दा कुठाय?"

बस धूळ उडवत निघून गेली. गास्पार चपलेच्या टोकाने वाळू उकरू लागला. नेल्सीने त्याच्या मानेकडे पाहिलं, गेल्या वर्षभरात बारीक झालेल्या, आणि तिला वाटलं, आता इथे रस्त्यात, पहिल्याच पाच मिनिटांत, ते वाक्य बोलायचं नाही. बोललं की ही बाईसुद्धा मान हलवेल.

"ती या वर्षी घरी राहिली," नेल्सी म्हणाली.

"गुडघा," फिदेलिया म्हणाली.

"हो. गुडघा."

गास्पारने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जड पोतं कुणीतरी खांद्यावरून उतरवून घ्यावं तसा तो मोकळा दिसत होता.

घर छान होतं. निळं दार, गिलाव्यात पक्क्या बसवलेल्या कड्या, मागे चिंचेचं झाड आणि झाडाखाली चूल. पुढच्या खोलीची खिडकी समुद्राकडे. विल्बर्थने झोळ्या बांधल्या आणि प्रत्येकीत एकदा पडून पाहिलं, दोऱ्या तपासण्यासाठी, असं त्याचं म्हणणं. मंगळवारी ते धक्क्याजवळच्या झापांच्या मांडवात जेवायला गेले. तिथल्या तोन्योने मासे तळून आणले, लिंबू, तिखटजाळ मिरची, लालबुंद कांदा. आणि गास्पारच्या ताटात कांदा नव्हता. गास्पारला कांदा चालत नाही. नेल्सीने तोन्योला ते सांगायला तोंड उघडलंच होतं.

"माएस्त्रोंचं लक्षात आहे," तोन्यो म्हणाला. "आणि तुमच्या सासूबाईंनी गेल्या खेपेला मला जे ऐकवलं, ते जन्मात विसरणार नाही." हे तो विल्बर्थला सांगत होता. विल्बर्थ पोट धरून हसला, कारण दोन्या एल्दा काय काय ऐकवू शकायची ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

फार मजेत दिवस जात होते, हे कबूल केलंच पाहिजे. गास्पार पहाटे उठून किनाऱ्यावर चालायचा. त्याने फिदेलियाच्या चुलीवर पाव भाजून दाखवला आणि निम्मं गाव गोळा केलं. यामिले काळी पडली, नाकावरची साल निघाली, आणि मोबाइल कुठे ठेवलाय हे तिला शोधावं लागलं. नेल्सीलाही बरं वाटत होतं. फक्त सगळे एकमेकांशी बोलताना "गेल्या वर्षी" म्हणत होते, आणि ती थट्टा आता कुणी हसण्यावारी नेत नव्हतं.

बुधवारी सकाळी तिने दुकानातून मेणबत्ती आणली. चार भिंतींत, आपल्या आपणच, दोन मिनिटं प्रार्थना करू, एवढाच तिचा विचार होता. ती आली तेव्हा गास्पार टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडत होता, तोन्योबरोबर पोहायला.

"बाबा," ती म्हणाली, "आज बुधवार."

"मग?" त्याने सरळ विचारलं. त्याचे डोळे स्वच्छ होते. "बुधवारी काय आहे?"

तो शीळ घालत उतरणीवरून गेला.

मेणबत्ती तशीच हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात टेकली, आणि चौकटीवर तिला पेन्सिलची रेघ दिसली. यामिलेच्या आताच्या कपाळाच्या उंचीहून थोडी खाली. रेघेशेजारी यामिलेचं नाव होतं, आणि गेल्या वर्षीची तारीख. नावाचं पहिलं अक्षर खालपर्यंत ओढून टोकाला गोल वळवलेलं होतं. तसं अक्षर नेल्सीने आयुष्यभर पाहिलं होतं. शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर, मीठ आणि साखरेच्या डब्यांवर. ते तिच्या आईचं होतं.

तिने बोटाने रेघ पुसून पाहिली. पेन्सिल जुनी होती, पुसली गेली नाही. चौकटीच्या लाकडाला सकाळचं लख्ख ऊन लागत होतं आणि बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

यामिले चिंचेखाली बसून नखं रंगवत होती. नेल्सी तिच्यापाशी गेली आणि शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, गेल्या वर्षी या आठवड्यात आपण कुठे होतो?

"इथे," यामिले म्हणाली. "म्हणजे तू नव्हतीस."

"आजी?"

"आजी होतीच. तिचं नाक माझ्याहून जास्त सोललं होतं. तोन्योशी भांडली पण." ती हसली आणि नखांवर फुंकर मारली.

"यामिले, आजी दवाखान्यात होती. तू बाकावर झोपायचीस. माझ्या स्वेटरवर डोकं ठेवून."

पोरीने तिच्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे, मोठ्या माणसाने पाहुण्यांसमोर काही वावगं बोलावं आणि आपल्याला लाज वाटावी, तसं.

"आई, असं बोलू नये," ती हळूच म्हणाली.

त्या दुपारी नेल्सीने वही उघडली. वही जानेवारीत सुरू केलेली, गेल्या वर्षीची मेरिदाला कपाटात. म्हणून तिने आठवून आठवून लिहून काढलं. खिडकीजवळची चौदा नंबरची खाट. सोमवारी रात्री विल्बर्थ बसला होता, मंगळवारी मी. बुधवारी सकाळी सगळे खाली कॉफी प्यायला गेले होते, मी एकटी होते. आईने डोळे उघडले. ती म्हणाली, तू जा आता घरी, मी आहे इथे. मी गेले नाही. तिचा हात धरून बसले. सात वाजून वीस मिनिटांनी नर्स आली.

ते सात वाजून वीस मिनिटांपर्यंतचं सगळं फक्त नेल्सीजवळ होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. वर्षभर तिने ते जपलं होतं, आणि आता तिला कळलं की ती विसरली, तर ते घडलं होतं असं म्हणणारं जगात कुणी उरणार नाही.

तिने ते पान विल्बर्थला दाखवलं. तो फिदेलियाच्या त्या फ्रीजच्या मागे वाकून बसला होता. तिथली तार निळ्या पट्टीने दुहेरी वेढा देऊन बांधली होती, आणि असा वेढा तोच देतो, हे तिलाही माहीत होतं. विल्बर्थने हात पुसून पान नीट वाचलं, दोनदा.

"हे कुणाबद्दल आहे?" त्याने विचारलं.

"आईबद्दल."

"कुणाच्या?"

मग त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ऊन लागलंय म्हणाला, पाणी आणून दिलं आणि ती पीत असेपर्यंत शेजारी बसून राहिला. तो चांगला नवरा होता. तीच तर पंचाईत होती. कुणीही वाईट वागत नव्हतं, कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि तिचा बाप समुद्रातून बाहेर येताना दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

शुक्रवारपर्यंत तिने वाद घालणं सोडलं. तिने विचार केला, तो तिच्या स्वभावाप्रमाणे पायरीपायरीने. इथे गावात काहीतरी आहे, हवा म्हणा, ऊन म्हणा, सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण मेरिदाचं घर जागेवर आहे. दारावर काळी फीत आहे. आत टेबलावर आईचा फोटो आहे, फोटोपुढे पाण्याचा पेला आहे, कपाटात तिचे कपडे नाहीत, कारण नेल्सीने स्वतः ते वाटून टाकलेत. दाराची एकच किल्ली आणि ती तिच्या पर्समध्ये आहे. रविवारी दार उघडलं की सगळ्यांना सगळं आठवेल. बाबा पुन्हा एकदा कोसळतील. मी त्यांना धरीन. तिने हे सगळं वहीत लिहिलं आणि पुढे खूण करायची जागा सोडली.

शनिवारी सगळे एकत्र पाण्यात उतरले. लाट आली, यामिले किंचाळली, आणि नेल्सीच्या मनात सहज येऊन गेलं की आईला अशा लाटा आवडल्या होत्या, गवती टोपी एका हाताने धरून ती उभी राहिली होती. पुढच्याच क्षणी ती कमरेएवढ्या पाण्यात थिजून उभी राहिली. आई कधी पाण्यात उतरलीच नव्हती. तिच्याकडे तशी टोपीही नव्हती. पण टोपीची फीत हिरवी होती, हे नेल्सीला स्पष्ट दिसलं.

तिने किनाऱ्यावर येऊन वही काढली आणि वाचलं. चौदा नंबर. सात वीस. अक्षर तिचंच होतं. तिने ते पान फाडलं, घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात किल्लीशेजारी ठेवलं.

रविवारी दुपारी झोळ्या गुंडाळल्या, तवा घासला, घर झाडलं. बस यायला अजून वेळ होता. सगळे फिदेलियाच्या दुकानात बसले, सावलीला. तिने नारळाच्या वड्यांचा डबा बांधून दिला, दोन्या एल्दासाठी. गास्पारने तो मांडीवर घेतला. मग खिसे चाचपत तो म्हणाला, "घरी एक फोन करून ठेवतो. निघालो म्हणून."

नेल्सीला वाटलं, बरंच झालं. फोन वाजत राहील. वाजून वाजून बंद होईल. बाबा म्हणतील, उचलत कसं नाही कुणी, आणि तिथूनच सुरुवात करता येईल, हळूहळू, बसमध्ये, खिडकीशेजारी बसवून. तिने पर्समध्ये हात घालून किल्ली मुठीत धरली.

गास्पारने नंबर फिरवला. तो थांबला. मग त्याचा चेहरा उजळला.

"निघालोच आता," तो फोनमध्ये म्हणाला. "हो. हो, बाई, जेवलो. कांदा नव्हता. नाही, भाजलो नाही, टोपी होती." तो ऐकत राहिला, मान डोलावत राहिला, आणि मध्येच जो हसला ते हसू नेल्सीने फक्त एका माणसाशी बोलताना ऐकलं होतं.

बाहेर बसचा भोंगा वाजला. विल्बर्थने दोन झोळ्या खांद्यावर टाकल्या, यामिलेने पिशव्या उचलल्या.

"घे, तू बोल," गास्पार म्हणाला आणि फोन नेल्सीच्या हातात दिला. "उद्या सोमवार ना, घेवड्याचा वार. विचारतेय, काळा घेवडा किती भिजत घालू." वड्यांचा डबा छातीशी धरून तो उन्हात गेला.

फोन त्याच्या हाताने गरम झाला होता. नेल्सीने तो कानाला लावला.

सुरुवातीला फक्त एक आवाज आला, बारीक, ठरावीक. पत्र्याच्या ताटात दाणे पडत होते. कुणीतरी खडे निवडत होतं.

"आई," नेल्सी म्हणाली.

"कोण? फिदेलिया का?"

तोच आवाज होता. थोडा घोगरा, घाईतला, पुढचं काम समोर असलेला. नेल्सीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिला रडायचं नव्हतं, तिला आनंद झाला होता. इतका की किल्ली मुठीतून निसटून जमिनीवर पडली तरी तिला कळलं नाही.

"मी आहे, आई. नेल्सी."

पलीकडे क्षणभर दाणे थांबले. मग दोन्या एल्दा मनापासून हसली.

"काय बाई थट्टा करता. नेल्सी इथे माझ्यासमोर बसलीये. घेवडा निवडतेय."

आणि मागून, जरा लांबून, रविवारच्या दुपारी येतो तशा आळसावलेल्या सुरात, नेल्सीला आपला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"कुणाचा फोन आहे, आई?"

"कुणी नाही गं," दोन्या एल्दा म्हणाली. "चुकीचा लागलाय."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. नेल्सीने दाराकडे पाहिलं. बसच्या पायरीवर विल्बर्थ उभा होता. त्याची नजर तिच्याकडे गेली, आणि गावातल्या कुणाही बाईला निरोप द्यावा तसा त्याने हसून हात केला.

मग वळून तो ड्रायव्हरला म्हणाला, "मेरिदा. तीन."